कलम सात आणि भावकूच्या गोळ्या

२ सप्टेंबर. सकाळी ६.२०

आजपासून रोज लिहिणार. एकही दिवस चुकवायचा नाही. सूड घ्यायचा तर लेखी रेकॉर्ड पाहिजे, नाहीतर राग पातळ होतो. माझा स्वभाव मुळात हसरा. गेल्या वर्षात दोनदा मी भावकूवरचा राग साफ विसरलो आणि त्याला पान लावून दिलं. एकदा तर स्वतःच्या हातानं सुपारी कातरून.

भावकू म्हणजे माझा व्याही. माझी दिपाली त्याच्या आदर्शला दिलीय. मधे एक ओढा. ओढ्याच्या अलीकडं आमची बोरवाडी, कर्नाटक. पलीकडं त्याची माळेवाडी, महाराष्ट्र. पावसाळा सोडला तर चपला न काढता जाता येतं.

गुन्हा असा. दोन वर्षांपूर्वी, दिपालीच्या लग्नात. मंडप अर्थातच माझा. अठ्ठावीस वर्षं निपाणी ते बेळगाव लोकांच्या लग्नात मंडप घालतोय. चाळीस खुर्च्या आणि एका हातगाड्यावर सुरुवात केली, आज दोन टेम्पो. पोरीच्या लग्नाचा मंडप काय दुसऱ्याला सांगणार? अक्षता पडायच्या आधी एक खांब कलला. मी डोक्याला फेटा असताना जाऊन धरला. पडद्याच्या पलीकडं भावकू आपल्या भावाला म्हणाला, "माणूस चांगला हाय रं, पण पोरीच्या लग्नात बापच खांब धरून हुबा. पाव्हणा कोण आन् गडी कोण, कळंना."

दोघं हसले. पडद्याचं कापड पातळ असतं, आणि माझे कान सगळ्या तालुक्याला माहीत आहेत. खांब सोडता येत नव्हता म्हणून भावकू वाचला.

९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी

मधले दिवस राहिले. कामं होती.

चांगली बातमी आधी. दिपालीला पाचवा संपत आला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नातवंड माझ्या घरात जन्मणार. नागुबाईनं (माझी बायको) पुढची खोली रिकामी करायला घेतली. तिथले गालिचे आणि नवरा-नवरीच्या दोन खुर्च्या गोडाऊनला हलवायचा हुकूम झालाय. हलवतो. भावकूला काय, फोनवर कळेल. पहिल्यांदा तोंड मी बघणार. हाही एक सूडच.

आता वाईट बातमी. आमच्या आरोग्य केंद्रात बायकोचे रिपोर्ट आणायला गेलो तर बाकावर भावकू. दर मंगळवारी येतो. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या फुकट नेतो. इथं कुणी कुणाला कार्ड विचारत नाही, पलीकडली माणसं कैक वर्षं इथंच येतात. माळेवाडीचं उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल आणि टेबलावर मांजर. भावकू बाकावर बसून म्हणत होता, हा पंखा लई सावकाश फिरतोय, पंचायतीला सांगाय पायजे.

आमचा पंखा. आमची पंचायत.

हसून बोललो. चहा पाजला. आतून फार चिडलेला होतो.

१३ सप्टेंबर

पंचायतीच्या बोर्डावर कागद लागलाय. कन्नड, मराठी, इंग्लिश, तिन्ही भाषांत. सीमाभाग सार्वजनिक सेवा सहभाग विधेयक, मसुदा. दोन्ही सरकारं मिळून करणार आहेत म्हणे. दवाखाना, ॲम्ब्युलन्स, आगीचा बंब, जनावरांचा डॉक्टर, सगळं दोन्ही बाजूंना वाटून. कलम सात: सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला कोणत्याही बाजूची सेवा. हरकती आणि सूचना तीस दिवसांत. विधेयक पास होण्याआधी दोन जोडगावांत ट्रायल घेणार. त्यातली एक जोडी बोरवाडी-माळेवाडी.

उभ्या उभ्या तीनदा वाचलं. म्हणजे भावकू आज जे चोरून नेतो ते उद्या हक्कानं नेणार. कायद्यानं. पंख्यासकट.

तिथंच सुचलं. याला म्हणतात डोकं. हरकत घ्यायची. दवाखाना आणि दवाखान्याची गाडी, या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या बाजूला. रेशन कार्डात ज्या बाजूला नाव, त्याच बाजूला औषध. बंब वाटा, बैलांचा डॉक्टर वाटा, माझं काही म्हणणं नाही. गोळ्या वाटायच्या नाहीत.

कुणाचं नाव घ्यायचं नाही. सरळ, देशहिताचं वाटलं पाहिजे.

१५ सप्टेंबर

निपाणीला महादेव टायपिस्टकडं गेलतो. तहसील कचेरीसमोर बसतो, तिन्ही भाषांत अर्ज लिहितो. मी तोंडी सांगितलं, त्यानं "सेवेवरील अतिरिक्त भार" आणि "स्थानिकांवरील अन्याय" असले शब्द घातले. वाचून मलाच स्थानिकांची दया आली.

महादेवनं विचारलं, ह्यात कुणाचं नुकसान हाय का आण्णा? म्हटलं, एकाच माणसाचं. तो म्हणाला, मग कायदा कशाला, त्याला भेटून चार शब्द बोला की. ह्या लोकांना पॉलिसी कळत नाही.

२८ सप्टेंबर

सह्या २१२. पद्धत माझी स्वतःची. लोक कार्यक्रमाला आले, खुर्चीत बसले, जेवण व्हायचंय, अशा वेळी कागद पुढं करायचा. भुकेला माणूस वाचत नाही. सगळे पुरुष. बायकांना समजावत बसायला वेळ नव्हता, त्या प्रश्न विचारतात.

नागुबाईनं विचारलाच. भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, कार्डात नाव न्हाई म्हंजे कोण कोण आलं त्यात? मोजलायसा का?" म्हटलं, पलीकडचे सगळे. ती म्हणाली, पलीकडं नुसता भावकूच ऱ्हातोय का? मी म्हटलं, तुला कायद्यातलं काय कळतंय. तिनं भाकरी जोरात आपटली. तवा तापला असेल.

७ ऑक्टोबर

शुभशकुन. संयुक्त समितीची सुनावणी निपाणीत. मंडपाची ऑर्डर मला! पाचशे खुर्च्या, साउंड, समितीसाठी सोफा. म्हणजे ज्या मंडपात भावकूचा निकाल लागणार तो मंडपही माझा.

संकल्प: रोज सकाळी ओढ्यापर्यंत चालायचं, आवाज मोकळा करायचा, भाषण पाठ करायचं. पोट कमी झालं तर कोट बसेल.

१८ ऑक्टोबर. संध्याकाळी

कोट बसला नाही. बंडीवर गेलो. चालणं दोन दिवस झालं, नंतर गुडघा.

पण भाषण! चार मिनिटं. सबंध मंडपात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती; साउंड माझाच होता म्हणा. बेंगळुरूचे एक साहेब आणि मुंबईच्या एक बाई, दोघंही लिहून घेत होते. मी म्हटलं, साहेब, आमचा डॉक्टर एक, खाटा सहा. पलीकडचं सगळं गाव आमच्या बाकावर बसणार असेल तर आमच्या माणसांनी कुठं बसायचं? माळेवाडीला स्वतःचं काही नाही म्हणून ते इकडं येतात, हा आमचा दोष आहे का?

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. विचारलं, माळेवाडीत खरंच काही सोय नाही? म्हटलं, मॅडम, एक टेबल हाय आन् एक मांजर. लोक हसले. बाईंनी तेही लिहून घेतलं.

भावकू सहाव्या रांगेत होता. टाळ्या वाजवत होता. सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवत होता. घाबरला की माणूस असाच वागतो. जाताना म्हणाला, पाव्हणं, झकास बोललासा. मी म्हटलं, काय आपलं, जनतेसाठी.

६ नोव्हेंबर

काही बातमी नाही. लग्नसराई जवळ आली. गालिचे अजून पुढच्या खोलीतच आहेत. हलवतो.

२४ नोव्हेंबर. सकाळी ११

मंजूर!!

पंचायतीत कागद आला. पिडीओ साहेबांनी (पंचायतीचे सरकारी अधिकारी) स्वतः बोलावून वाचून दाखवला. "बोरवाडी ग्रामस्थांची हरकत विचारात घेऊन" कलम सातमध्ये दुरुस्ती. आरोग्य केंद्र आणि ॲम्ब्युलन्स: ज्या बाजूच्या रेशन कार्डात नाव, त्याच बाजूला. ट्रायल १ डिसेंबरपासून, सहा महिने. साहेब म्हणाले, आयतु आण्णा, तुमचं काम झालं.

हॉटेलात सगळ्यांना भजी. मंगळवारी केंद्रावर जाऊन बसणार. भावकू येईल. दारात मंजुश्री कार्ड मागेल. (मंजुश्री आमच्या केंद्राची आशा कार्यकर्ती, नियमाला फार पक्की.) भावकू खिसे चाचपेल. मी बाकावरून म्हणेन, "व्याही, पाव्हणा कोण आन् पेशंट कोण, कळंना की." दोन वर्षं हे वाक्य घोळवतोय. आरशासमोर दहा वेळा म्हणून बघितलं. थोडं सावकाश म्हटलं की जास्त लागतं.

२ डिसेंबर, मंगळवार. दुपारी २

नऊपासून बसलो. बीपी तपासून घेतलं, बसायला काहीतरी कारण पाहिजे. मंजुश्रीनं माझंही कार्ड मागितलं. नियम म्हणजे नियम. घरी जाऊन आणलं.

भावकू आला नाही.

एकपर्यंत वाट बघून मंजुश्रीला सहज विचारलं. ती म्हणाली, ते आता कशाला येतायत आण्णा? तुम्ही समितीपुढं सांगितलासा न्हवं, माळेवाडीला काय सोय न्हाई म्हणून. त्या बाईंनी तेच धरलं. तिकडं आता डॉक्टर हाय, दोन नर्सा, दोन खाटा. नवी ॲम्ब्युलन्स गावात हुबी. शुगरवाल्यांच्या गोळ्या घरपोच.

घरपोच.

शांतपणे विचार केला. हा पराभव नाही. भावकूला आमच्या बाकावरून उठवायचं होतं, उठवला. उद्देश सफल. वाक्य तेवढं शिल्लक राहिलं.

८ डिसेंबर

दिपालीला बाळंतपणाला आणली. आठवा संपत आला. टेम्पोत गादी घालून, वेग वीसच्या वर नाही. भावकू वेशीपर्यंत सोडायला आला, डोळे पुसत. बघून फार बरं वाटलं.

पुढची खोली तयार. गालिचे शेवटी नागुबाईनंच हलवले.

१० डिसेंबर. रात्री जेवायच्या आधी

जरा भानगड आहे. उद्या सुटेल.

मंजुश्री घरी आली. दरवर्षी गावात आठ-दहा लेकी बाळंतपणाला येतात, ती आपली वहीत नाव लिहून घेते, गोळ्या देते, कळा लागल्या की केंद्राची गाडी दारात. आज वही उघडून बसली आणि लिहीना. म्हणाली, "आण्णा, दिपालीचं नाव तिकडच्या कार्डात हाय. मी कुठं लिहू? तुमचाच कागद केंद्रात भिंतीला चिकटवलाय."

म्हटलं, अगं ती माझी लेक. ती म्हणाली, गावात आलेल्या पाचही जणी कुणाच्या तरी लेकीच हायत आण्णा.

दिपालीचं बीपी बघितलं, थोडं वाढलंय. म्हणाली, हिला गाडी जवळ असंल अशा ठिकाणी ठेवा. निपाणी चौदा किलोमीटर.

नागुबाई दारात उभी होती. आत जाऊन मंजुश्रीपुरताच चहा आणला. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

११ डिसेंबर

लग्न झाल्यावर दिपालीचं नाव माझ्या कार्डातून मीच कमी करून घेतलं होतं, पंधरा दिवसांत. पिडीओ साहेबांनी तेव्हा एवढी घाई कशाला म्हणून विचारलेलं. म्हटलं होतं, काम कसं, चोख पाहिजे.

आता परत घालायचं तर तिकडून कमी झाल्याचा दाखला लागतो. त्यावर तिकडच्या कुटुंबप्रमुखाची सही. कुटुंबप्रमुख भावकू.

जात नाही म्हणजे नाही. दुसरा मार्ग काढणार. निपाणीत प्रायव्हेटला नेऊ, माझे दोन टेम्पो आहेत. दिपालीला म्हटलं. ती म्हणाली, आप्पा, टेम्पोत ऑक्सिजन कुठं बसवायचा, जनरेटरशेजारी का?

गावातल्या बायका हातपंपावर मी दिसलो की गप्प होतात. मी वळलो की बोलतात. कान चांगले असण्याचा हा एक तोटा. अंबुबाई म्हणत होती, ह्यानं भुकेल्या माणसांच्या सह्या घेतल्या.

१२ डिसेंबर

गेलो. भावकूकडं.

ओट्यावर बसला होता, गोळी घेत. मी विषय काढायच्या आत त्यानं पेन काढलं. म्हणाला, "पाव्हणं, सही कुठं, तेवढं सांगा. पोरगी कुठं का असंना, सुखरूप सुटू दे." अंगठ्यानं चष्मा वर सारून तीन ठिकाणी सह्या केल्या. एक जास्तच केली. चहा दिला. सोबत गूळ-शेंगदाणे. मी सूड म्हणून शेंगदाणे सगळे खाल्ले.

घरी येऊन कागद दिपालीपुढं ठेवला. झालं काम म्हटलं. आठ दिवसांत नाव इकडं, बाळंतपण झालं की परत तिकडं. तिनं कागद वाचला. माझ्या कुठल्याही कागदाला आजवर कुणी एवढा वेळ दिला नव्हता. मग म्हणाली,

"आप्पा, मी काय तुमची खुर्ची हाय? ह्या मंडपातनं उचलायची, त्या मंडपात मांडायची?"

मी म्हटलं, बाळ, पहिलं बाळंतपण माहेरीच होतंय. ती म्हणाली, व्हय, मलाबी हितंच पायजे होतं. आईजवळ. तुम्ही मला न विचारता सही घेतलीसा ना गावाची, मग आता गावालाच ठेवून घ्या खोलीत.

सह्या २१२ होत्या आणि त्यात तिची नव्हती, हे खरं. पण तेव्हा ती माळेवाडीत होती. तांत्रिक अडचण.

१४ डिसेंबर

दिपाली परत गेली. माळेवाडीची ॲम्ब्युलन्स ओढ्यापर्यंत आली होती. नवी कोरी. आत पंखासुद्धा आहे, चांगला फिरतो.

नागुबाईही गेली. लेक माहेरी येत नसंल तर आई सासरी जाईल, म्हणाली. दोन महिन्यांचे कपडे. बाळंतविडा, डिंक, शेपा, सगळं घेऊन. मी विचारलं, माझं जेवण? म्हणाली, मंडपवाल्याला रोज कुठं ना कुठं जेवण असतंय की.

एका दृष्टीनं बरं झालं. शत्रूच्या घरात आपलं माणूस पाहिजेच.

२१ डिसेंबर

समितीला पत्र लिहिलं: कलम सातमध्ये माहेरी आलेल्या लेकी वगळाव्यात. महादेवनं टाईप केलं. फार हसला नाही, खाली बघून हसला. सह्या पाहिजेत. कागद घेऊन अंबुबाईकडं गेलो, म्हटलं आता बायकांच्याच घेऊ. ती म्हणाली, ठेवा तिथं, जेवण झाल्यावर वाचीन.

२६ डिसेंबर

समितीचं उत्तर पाच दिवसांत आलं. पुढचा विचार ट्रायल संपल्यावर, जूनमध्ये.

४ जानेवारी. पहाटे ५.१५

फोन भावकूचा. मुलगा. तीन किलो शंभर. बीपी मधे वाढलं होतं, ॲम्ब्युलन्समधून कागलला न्यावं लागतं की काय असं झालं, पण डॉक्टर गावात होता, सांभाळलं. दोघं सुखरूप. भावकू रडत होता. मी विचारलं, तोंड कुणी बघितलं पहिल्यांदा? म्हणाला, नागुबाईनं. मग मी.

सांगायचंच असेल तर, नागुबाई आमच्या कार्डात आहे. म्हणजे पहिला नंबर कर्नाटकचा.

गाडी काढली, पण ओढ्यापाशी थोडा वेळ थांबलो. असंच.

४ जानेवारी. दुपारी

उपकेंद्रात खोलीच्या दारात पोचलो तर दिपाली पडल्या पडल्या म्हणाली, "आप्पा, कार्ड आणलंय का?" नर्ससकट सगळे हसले. मीही हसलो. खिशात हात घातला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाळ मांडीवर दिलं. कान माझ्यासारखे.

१९ जानेवारी

भावकू आला. एकटाच, चालत. म्हणाला, पाव्हणं, गावानं ठरवलंय, सव्वीस तारखेला तुमचा सत्कार. मी म्हटलं, कशाबद्दल? तो म्हणाला, वीस वरसं आम्ही डॉक्टर मागतोय, कुणी देईना. तुम्ही चार मिन्टांत मिळवून दिलासा. टेबल आन् मांजर, त्या एका वाक्यावर. तुमच्यासारखा व्याही पुण्याईनं मिळतोय.

मी त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. थट्टा असती तर मला कळली असती. नव्हती.

लग्नातलं ते खांबाचं काढलं शेवटी. हसत हसत. त्याला आठवेना. म्हणाला, आसं बोललो मी? बोललो आसंन. तुम्हाला खांब धरून हुबं बघून माझ्या भावाला म्हटलं व्हतं, माणूस असा पायजे, आपल्या कामाला लाजत न्हाय. मग ते पाव्हणा-गड्याचं म्हटलं असंन मस्करीनं.

पहिला भाग मी ऐकला नव्हता. तेव्हा स्पीकर खरखरत होता. तोही माझाच.

जाताना म्हणाला, मंडपाचं तेवढं तुम्हीच बघा.

२६ जानेवारी. संध्याकाळी ६.४०

मंडप घातला. खुर्च्या मांडल्या. मग कपडे बदलून पाहुणा म्हणून त्यातल्याच सोफ्यावर बसलो.

शाल लोकरीची आहे. निवेदकानं ओळख करून दिली: ज्यांच्यामुळं आपल्या गावच्या सुनांची बाळंतपणं आता आपल्याच गावात होणार. पुरुषांकडून टाळ्या. बायकांच्या बाजूनं एकही नाही. दिपाली पहिल्या रांगेत होती, बाळ मांडीवर. तिनं बाळाचे दोन्ही हात धरून एकदा टाळी वाजवली. कोणत्या अर्थानं ते विचारलं नाही.

बोलायला सांगितलं. दोन वर्षांचं भाषण तयार होतं, ते चालण्यासारखं नव्हतं. धन्यवाद म्हणून बसलो.

सगळे गेल्यावर खुर्च्या टेम्पोत भरल्या. भावकू मदतीला आला, एका वेळी चार-चार उचलत होता. म्हटलं, शुगर आहे, ठेवा. ऐकेना. रहा की आज, म्हणाला, नागुबाई हाय, नातू हाय. म्हटलं, उद्या सकाळी काम आहे.

उद्या काम नाही.

घरी आलो. कुलूप मीच लावलं होतं. मीच काढलं.